सांजांवच्या आधी पाणी निळं व्हायला हवं

पोहण्याच्या तलावाचं पाणी घरच्या घरी तपासणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. दोन काचेच्या नळ्या असतात, दोन चिमुकल्या बाटल्या असतात. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि डबीवरच्या रंगाशी ताडून पाहायचा. एकतीस वर्षं मी कसालच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं आहे. लिटमस कागद निळ्याचा लाल होताना पाहून डोळे विस्फारणाऱ्या पोरांच्या एकतीस तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. तेव्हा वीस फूट बाय दहा फूट, साडेचार फूट खोल अशा एका घरगुती डबक्याने मला काय शिकवावं? असं मी माझी बायको फेलिसिदाद हिला एप्रिल महिन्यात विचारलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे जावयाक विचारा मां."

आता यात गोम अशी, की आमच्या जावयाचा धंदाच हा. नेव्हिल वेंगुर्ल्याचा. गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात तीन तलावांचं पाणी त्याच्या ताब्यात असतं. गेल्या वर्षी आमची अँजेला त्याला पहिल्यांदा घरी घेऊन आली. मी त्याला बसायला खुर्ची दिली, फेलीने नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, दिल्या. मी विचारलं, काय करता? त्याने सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे टाक्या धुता." तेही शुद्ध मराठीत. घरात आम्ही मालवणीच बोलतो, पण समोरच्याला त्याची जागा दाखवायची असली की माझ्या तोंडून आपोआप पाठ्यपुस्तकातलं मराठी येतं. मुलगा हसला, नेवरी खाल्ली, पाणी प्यायला आणि गेला. अँजेला माझ्याशी दोन महिने बोलली नाही. जानेवारीत लग्न झालं, चर्चमध्ये मी तिला हात धरून नेलंही, पण जावयाशी माझं त्यानंतरचं सगळं संभाषण मोबाइलवर येणाऱ्या गुलाबाच्या चित्रांपुरतं. तो पाठवतो. मी अंगठा दाखवतो.

तलाव आम्ही पर्यटकांसाठी बांधला, असं मी सगळ्यांना सांगत असे. तोंडवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर, त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. समुद्र चालत सात मिनिटांवर, तरी फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, की स्विमिंग पूल आहे का? फेलीचं मत मात्र वेगळं होतं. "पर्यटक खंयचे? तो जावयासाठी बांधलास तुमी. तोंडान माफी मागूक जमना नाय, म्हणान चिरे लावलास." मी तिला म्हटलं की तुझी कल्पनाशक्ती दांडगी आहे. रात्री मच्छरदाणीत पडल्यावर मला वाटलं की बाईचं चुकत नाही, पण हे तिला सांगण्याची काही गरज नव्हती.

मे महिन्याच्या सुरुवातीला अँजेलाचा तिच्या आईला फोन आला. चोवीस जूनला आमचा सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालायचं, "व्हिवा सांजांव!" म्हणून ओरडायचं आणि विहिरीत उड्या मारायच्या. नव्या जावयाचा पहिला सांजांव सासरी होतो. तो उडी मारतो, सासू त्याला फळांची टोपली देते, सासरा फेणी पाजतो. जावई आला नाही तर पुढचं वर्षभर चर्चच्या पायऱ्यांवर कारणं सांगावी लागतात. अँजेला म्हणाली, "पप्पांनी स्वतः फोन करून बोलवलं तर नेव्हिल येईल. मम्मी, तू बोलवलेलं चालणार नाही."

फोन करायला माझी काही हरकत नव्हती. पण तोवर पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. अशा वेळी फोन केला, तर त्याला काय वाटणार? म्हातारा अडकला, आता फुकटात टाकी धुऊन मागतोय. तेव्हा आधी पाणी निळं करायचं आणि मग ताठ मानेने फोन करायचा, असं मी ठरवलं. हे मी फेलीला इतक्या मुद्देसूदपणे समजावून सांगितलं, की तिने कपाळावर हात मारला.

पाणी चहासारखं का झालं, तेही सांगतो. आमच्या विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छ, पण जमिनीच्या गुणाने त्यात लोह. तलाव विहिरीच्या पाण्याने भरला, पुस्तकात वाचून ब्लिचिंग पावडर मोजून टाकली, आणि तासाभरात सगळं तांबूस. लोहाचं ऑक्सिडीकरण! नववीच्या वर्गात मी हे दर वर्षी शिकवायचो, परीक्षेत हमखास विचारायचो, आणि आता ते माझ्याच अंगणात पंचवीस हजार लिटर उभं होतं. कोल्हापूरच्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी तर विचारलं, की यात काही औषधी माती आहे का? गुडघे दुखतात म्हणाल्या. फेली तोंडावर पदर घेऊन आत पळाली.

पाण्यात लोह किती आहे ते नेमकं कळावं, म्हणून मी एक बाटली भरून ग्रामपंचायतीत गेलो. तिथे पाण्याचं काम किशोरी बघते. माझीच विद्यार्थिनी, हुशार, पण नियमाला पक्की. कचेरीत ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते, म्हणजे मीच शिकवलेलं मराठी माझ्यावरच चालवते. तिने नमुन्याचा फॉर्म काढला.

"सर, स्रोताचा प्रकार? विहीर, बोअरवेल, हातपंप, झरा की नळयोजना?"

"पोहण्याचा तलाव."

"तो रकाना नाही, सर. रकाना नसला की बाटली प्रयोगशाळेत घेत नाहीत."

आम्ही दोघांनी बराच विचार केला. शेवटी तिने लिहिलं, "विहीर, उघडी, चौकोनी." मला शोध लावल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला. लोह जास्त, शेरा, 'पिण्यास अयोग्य'. अहो, ते प्यायचं कोणाला होतं? पण नियम असा, की स्रोत अयोग्य ठरला की तिथे तसं लिहायचं. दुसऱ्या दिवशी पंचायतीचा माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि आमच्या फाटकाशेजारच्या दगडी गडग्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहून गेला, 'येथील पाणी पिण्यास अयोग्य आहे'. अक्षर सुंदर होतं, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे मला तक्रारीलाही जागा राहिली नाही. त्या आठवड्यातल्या पाहुण्यांनी फेलीची सोलकढीसुद्धा प्यायली नाही, बाजारातून बाटल्या आणल्या. फेली दिवसभर भांडी आपटत होती.

शेजारचा लवू हे सगळं कुंपणाला टेकून बघत होता. लवू भातशेती करतो, त्याच्या काजूच्या बागा आहेत आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे तुरटी आहे. "मास्तरांनू, तुरटी फिरवा. दुसऱ्या दिसाक तळ दिसतलो." मी हसून सोडून दिलं, आणि तो गेल्यावर मालवणातून दोन किलो तुरटी आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी खरंच तळ दिसला! गाळ सगळा खाली बसला होता, वर आभाळ दिसत होतं. तो गाळ मी हळूहळू उपसून काढला, फिल्टरची मोटर चालवली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी चक्क निळं झालं. फोन करायचा तो त्याच दिवशी करायला हवा होता. पण मी म्हटलं, नुसतं निळं दिसून काय उपयोग? आकडेही बरोबर हवेत. जावई आला आणि त्याने पीएच विचारला तर सात दशांश चार असं ठोकून सांगता आलं पाहिजे.

रोज सकाळ-संध्याकाळ मी नळ्या घेऊन बसू लागलो आणि वहीत नोंदी करू लागलो. रंग ओळखायला फेलीला बोलवायचो, कारण माझा मोतीबिंदू नुकताच काढलेला. मी म्हणायचो, हा गुलाबी. ती म्हणायची, "गुलाबी खंयचो? हो सोलकढीचो रंग. काल होतो तो आगळाचो." सोलकढी, मग आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस, मग रतांबा म्हणजे कोकमाचं पिकलं फळ, अशा तिच्या पायऱ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या डबीवरच्या रंगांपेक्षा नेमक्या होत्या. वहीत मी आकड्याच्या शेजारी कंसात तेही लिहायचो.

मग थेंब संपले. नवी डबी मागवली ती कसालच्या कुरिअरवाल्याकडे येऊन पडली, आणि तो म्हणे पावसात आमच्या बाजूला येत नाही. तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला. कोकमाचा रस आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होतो, हा प्रयोग मी आठवीला दर वर्षी दाखवायचो. घरात आगळ होताच, लवूच्या बायकोने, यशोदेने, हाताने काढलेला. नळीत पाणी घेतलं, आगळाचे दहा थेंब टाकले. क्षणभर लाली आली आणि गेली. पाणी पुन्हा बिनरंगी. पुन्हा टाकले, पुन्हा गेली. मी विचार केला, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने काढू नये असा निष्कर्ष काढला. कुंपणापाशी जाऊन लवूला विचारलं, "लवू, औंदाचो आगळ जरा पातळ झालो काय रे?"

आमच्या भागात माणसाच्या चारित्र्याबद्दल बोललं तर तो एक वेळ ऐकून घेईल. आगळाबद्दल बोलू नये. यशोदा माडाखाली झावळ्या विणत होती. ती उठली, आत गेली आणि दोन भरलेल्या बाटल्या घेऊन फाटकातून थेट आमच्या तलावावर आली. "पातळ? माझो आगळ पातळ? मीठ नि रतांबे, पाण्याचो थेंब घालूक नाय मी त्याच्यात!" आणि काही कळायच्या आत तिने दोन्ही बाटल्या पाण्यात उपड्या केल्या. लाल ढग पसरला, आम्ही सगळे बघत राहिलो, आणि बघता बघता तो ढगही नाहीसा झाला. यशोदेने कमरेवर हात ठेवले. "बघलात? रंग खालो तुमच्या पाण्यान! खोट पाण्यात आसा, माझ्या आगळात नाय."

तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. थेंब संपल्यापासून मी पावडर अंदाजाने टाकत होतो, त्यामुळे पाण्यात क्लोरीन भरमसाट झालं होतं, आणि क्लोरीन रंग खातं. विरंजन. नववी, धडा तिसरा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने ते एका वाक्यात सांगितलं आणि मी आगळाला दोष दिला होता. मला इतकी शरम वाटली, की मी त्या दिवसापासून पावडर टाकणंच बंद केलं. आठ दिवस टाकली नाही. वरून पाऊस, खाली यशोदेचा आगळ. एकोणीस जूनला सकाळी बघतो तर पाणी शेवाळासारखं हिरवं, आणि पायरीवर दोन बेडूक बसलेले. हाती दिवस राहिले पाच.

फेली म्हणाली, "तळो ऱ्हवांदे. लवूच्या बावडेत उडी मारूंदे जावय." आमच्या स्वतःच्या विहिरीवर मी पाहुण्यांच्या पोरांच्या भीतीने लोखंडी जाळी बसवलेली. लवूची विहीर मोठी, जुनी, वाडीतले सगळे सांजांव तिथेच व्हायचे. पण यशोदेने सांगून ठेवलं होतं, की मास्तर माफी मागेपर्यंत तिच्या विहिरीत कोणी पाय घालायचा नाही. थोडक्यात, माझ्यावर दोन माफ्या बाकी होत्या. शेजारच्या घरचं अंतर कमी म्हणून तिथे आधी गेलो.

यशोदा तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "यशोदा, आगळ चांगलो होतो. माझा चुकला." एवढंच. वाक्य सरळ बाहेर पडलं. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझा ऱ्हवांदे, मी शेजारीण. जावयाक फोन केलात?" म्हणजे सगळ्या वाडीला माहीत होतं! मी इतके महिने लपवलेली गोष्ट बाया दोरीवर कपडे वाळत घालताना बोलत होत्या.

घरी आलो, खुर्चीत बसलो आणि नंबर लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, शुद्ध मराठीत. पलीकडून "हॅलो, सर?" आलं आणि कागद माझ्या हातातच राहिला.

"नेव्हिल, मी प्लासिद. सांजांवाक ये."  त्याला बोलू न देता मीच बोलत सुटलो. "पाणी साफ करूक बोलवनय नाय. पाणी हिरवा झाला आसा, ता तसाच ऱ्हवांदे. तू उडी लवूच्या बावडेत मार. तू माझो जावय, म्हणान ये. आणि त्या दिसाक मी टाकयेचा बोललंय, ता माझा चुकला. माका तसा बोलूक नको होता."

  तो म्हणाला, "सर, पीएच किती आसा?"

"किट संपला. मी आगळ घालून बघलंय."

"आगळ?"

"यशोदेचो."

पलीकडून जे हसू आलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं. बाजूला अँजेलाही हसत होती, आणि फेली दारात उभी राहून डोळे पुसत होती. मीही हसलो. माझ्या आगळावर माझाच जावई हसतोय आणि मला राग येत नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं.

तो दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून, रेनकोट घालून, अँजेलाला मागे बसवून आला. रजा टाकली होती आणि तपासणीचं नवं किटही आणलं होतं. मी म्हटलं, अरे, साफ करायला नाही बोलावलं. तो म्हणाला, "तुमी करा, सर. मी बाजूक ऱ्हवतंय." आणि खरंच त्याने तसंच केलं. कधी ब्रश मारायचा, मोटर किती तास चालवायची, आम्ल आधी का पावडर आधी, हे तो सांगायचा आणि हात माझे असायचे. लांब दांड्याचा ब्रश त्याने काठावर उभं राहून चालवायला शिकवला. स्वतः तो पाण्यात एकदाही उतरला नाही. मला वाटलं, ही यांची शिस्त असणार. माझी वही त्याने मागितली आणि पडवीत बसून पहिल्यापासून वाचली, सोलकढी आणि रतांब्यासकट. म्हणाला, "सर, आमच्याकडे आठवड्याची पानां एका दिसात भरतत. ह्याच्यात खोटो आकडो एकय नाय." एकतीस वर्षांच्या नोकरीत तपासणी अधिकाऱ्यांनी मला बरे शेरे दिले होते, पण रात्री झोपताना मी एकाही शेऱ्याची अशी उजळणी केली नव्हती.

चोवीसला सकाळी तळाच्या फरशा मोजता येत होत्या. पीएच सात दशांश चार. फेलीने नळी बघून जाहीर केलं, "सोलकढी, नारळाच्या रसाशिवाय." त्यामुळे लवूच्या विहिरीचा बेत रद्द झाला आणि सगळी वाडी आमच्या अंगणात जमली. लवू-यशोदा होते, किशोरी होती, चर्चमधली माणसं होती, कुणीतरी घुमट, ते मातीचं वाद्य, वाजवत होतं. यशोदेने आगळाची नवी बाटली आणली होती, ती फेलीने हातातून काढून घेऊन कपाटात ठेवली. अँजेलाने नेव्हिलच्या डोक्यावर कोपेल घातलं, जास्वंद आणि अननसाची पानं लावलेलं. तो काठावर उभा राहिला. सगळे ओरडले, "व्हिवा सांजांव!"

तो उभाच. पुन्हा ओरडले. घुमट थांबलं. कुणीतरी हसलं. मी जवळ गेलो, तर त्याच्या पायांची बोटं काठाच्या फरशीला घट्ट धरून होती आणि ओठ पांढरे पडले होते. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "सर, माका पवाक येना नाय."

"काय?"

"आठ वर्सां पाणी सांभाळतंय. आमका पाण्यात उतरूक मना आसा. तळो पाव्हण्यांचो. मी कधी आत गेलंयच नाय."

मला एकदम फार वाईट वाटलं. आठ वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी पाणी निळं ठेवायचं आणि स्वतः काठावरून दांडा फिरवायचा. आणि या मुलाला मी काय म्हणालो होतो! हा माझ्या एका फोनवर लवूच्या पाच पुरुष खोल विहिरीत उडी मारायला यायला तयार झाला होता, आणि एका शब्दाने मला बोलला नव्हता. आता सगळ्यांसमोर याची शोभा झाली असती तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

मी चष्मा काढून फेलीकडे दिला आणि मोठ्याने म्हटलं, "आमच्या घरात पयलो सासरो उतरता, मगे जावय!" अशी प्रथा कुठेच नाही. चर्चमधल्या एका आजींनी तोंड उघडलंही, पण यशोदेने त्यांना कोपर मारलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चर्चची काळी पँट घालून मी शिडीने खाली उतरलो. फेली किंचाळली, "अवो, पँट!" मधोमध जाऊन मी उभा राहिलो. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. दोन्ही हात पुढे केले.

"मार उडी. मी आसय."

त्याने डोळे मिटले आणि मारली. कसली उडी, भाताचं पोतं टाकावं तसा तो माझ्या अंगावर आला. दोघेही पाण्याखाली गेलो, माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, कोपेल कुठे गेलं कळलं नाही. वर आलो तेव्हा त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती होते आणि पाय तळाला टेकले आहेत हे त्याला अजून उमगलं नव्हतं. काठावर लोक नाचत होते, घुमट पुन्हा सुरू झालं होतं. तो खोकला, डोळे चोळले, ओठावरचं पाणी चाखून बघितलं.

"पप्पा," तो म्हणाला, "क्लोरीन वायच जास्त झालो."

"होय," मी म्हटलं. "आता हात सोड. पाय टेकतत तुझे."

"टेकतत, गावलो माका तळ," तो म्हणाला, पण हात काही त्याने सोडले नाहीत.